बंबाचं सरपण आणि विजेचं मशीन : ग्वाल्हेरच्या एका वाड्याचं प्रकरण

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाड्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर, आमच्या काकांचा वाडा आहे. १८१० साली दौलतराव शिंद्यांची छावणी इथे स्थिरावली आणि तिच्याभोवती हे लष्कर वाढत गेलं. तिथले मराठी वाडे आता बरेच पडले, काहींच्या जागी दुकानांच्या इमारती आल्या. काकांच्या वाड्याचा चौक अजून उघडा आहे, आणि चौकाला लागून असलेल्या मोरीत अंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब हिवाळाभर रोज पेटतो. डिसेंबर-जानेवारीत इथला पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो, घरात माणसं सहा. वरच्या मजल्यावर गीझर आहे, पण खालच्या चौघांना बंबाचंच पाणी लागतं.

लाकूड विकत आणावं लागत नाही. डबरा गावाच्या वाटेवर काकांची शेती आहे. बांधावर विलायती बाभूळ माजलेली असते, तिची दरवर्षी छाटणी होते. जूनच्या आंधीत एक मोठं शिसम आडवं झालं, त्याचेही ओंडके आले. वाड्यामागच्या कडुनिंबाची एक फांदी भिंतीवर रेलली होती, ती रीतसर परवानगी काढून उतरवली. शहरातल्या झाडांसाठी मध्य प्रदेशात २००१ पासून वेगळा कायदा आहे आणि तो घरच्या अंगणातल्या झाडालाही लागू आहे. असा सगळा ढीग चौकात येऊन पडला. फोडणार कोण, हा प्रश्न होता.

पूर्वी हिवाळ्याच्या तोंडाशी एक गडी कुऱ्हाड घेऊन यायचा. त्याचे गुडघे गेले. त्याची मुलं दुसऱ्या कामाला लागली, आणि ते चांगलंच झालं. लाकडाच्या टालवरून, म्हणजे वखारीतून, माणूस मिळतो, पण थंडीत तिथेच इतकं काम असतं की घरी यायला कोणी तयार होत नाही. काका सत्तरीला आलेले, उजव्या खांद्याचं दुखणं जुनं, डॉक्टरांनी कुऱ्हाडीला हात लावू नका असं स्पष्ट सांगितलेलं. न्यू जर्सीतल्या चुलतभावाने फोनवर सांगितलं, इथे घरोघरी विजेची लॉग स्प्लिटर, म्हणजे ओंडके फोडायची मशीनं, असतात, मी एक पाठवून देतो. मोटारी आणि पंपांशी माझं रोजचंच काम, म्हणून निवड करायचं माझ्याकडे आलं.

आधी सरपणाचा हिशेब

मशीन बघण्याआधी वर्षाला लाकूड लागतं किती ते काढलं. बंबात एका वेळी साधारण ४० लिटर पाणी मावतं आणि सकाळी तो दोनदा भरला जातो. ८० लिटर पाणी ५० अंशांनी तापवायला साडेचार युनिटांहून (युनिट म्हणजे विजेच्या बिलावरचंच, किलोवॅट-तास) थोडी जास्त उष्णता लागते. वाळलेल्या लाकडाच्या किलोत सुमारे ४ युनिट असतात. त्यातली निम्मी धुराड्यातून गेली असं धरलं तरी अडीच किलोच्या आत काम भागायला हवं. काकूंना मात्र चार किलो पुरत नव्हतं. हा फरक ओलीचा होता. वजनाने निम्मं पाणी असलेल्या ताज्या लाकडातून किलोमागे दोन-सव्वादोन युनिटच हाती येतात. कारण त्या किलोत लाकूडच निम्मं असतं, त्याच्या उष्णतेतलीही थोडी त्यातल्या पाण्याची वाफ करण्यात जाते, आणि आग मंद राहिल्यामुळे धूर होतो तो वेगळाच.

बंब, हिवाळ्यातली शेगडी, गौरी-गणपतीला आणि दिवाळीच्या फराळाला चौकात मांडली जाणारी चूल, असं सगळं धरून वर्षाला आठ-नऊ क्विंटल. एवढ्याशा लाकडासाठी मशीन घ्यावं का? नुसत्या पैशाच्या हिशेबात नाही. मशीनच्या किमतीत फोडणाऱ्याची दहा-बारा वर्षांची मजुरी सहज निघते. पण मजुरी घेणारा माणूसच मिळत नव्हता. शिवाय लाकूड वेळेवर न फुटल्यामुळे ते ओलं जळत होतं, आणि मला ही गोष्ट जास्त मोलाची वाटली. सालीसकट गोल ओंडका आतून महिनोन् महिने ओला राहतो, कारण साल पाणी धरून ठेवते. फोडल्यावर जे कोरे पृष्ठभाग उघडे पडतात त्यांतून ओल निघून जाते. केंद्र सरकारने २०१९ मध्ये हवा सुधारण्यासाठी जी शहरं निवडली त्यांत ग्वाल्हेर आहे. अशा शहरात भर वस्तीत लाकूड जाळायचंच असेल तर ते कोरडं जाळणं एवढं आपण शेजाऱ्यांचं देणं लागतो, असं मी मानतो. काकांनाही हे पटलं. म्हणून मशीन घ्यायचं ठरलं, आणि मग कोणतं हा मुद्दा आला.

मोजमाप काकूंनी दिलं

काका टन बघत होते. पाच टन, सात टन, दहा टन. काकूंनी मोरीतून एक ढलपी आणली आणि माझ्या हातात ठेवली.

"हे बघ, एवढं जाड. दोन बोटं. याहून जाड टाकलं की धूर उलटा मोरीत येतो. तुझे काका चित्रं बघत बसलेत, पण बंब मी पेटवते ना?"

त्या ढलपीने अर्धी निवड केली. बंबाच्या पोटात मधोमध एक नळकांडं असतं. वरून त्यात लाकूड सोडायचं, खाली जाळी, जाळीखाली राखेची जागा, आणि नळकांड्याच्या चहूबाजूंनी पाणी. ज्वाळा आणि धूर दोन्ही पाण्याच्या मधूनच वर जातात, म्हणून बंब थोड्या लाकडात तापतो. पण त्याच कारणाने त्याला जाडजूड लाकूड चालत नाही. नळकांडं अडलं की हवा अडते. टेप लावून बघितलं तर काकूंच्या ढलपीची लांबी जेमतेम एक फूट होती. शेगडीलाही फूटभर लांबी पुरते. दीड फुटाचं लाकूड फक्त सणाच्या मोठ्या चुलीला हवं, आणि तेही फूटभराचं चालून जातं.

घरगुती आडव्या मशीनमध्ये ओंडक्याच्या लांबीचे दोन प्रकार मुख्यतः मिळतात: सुमारे ३७ सेंटिमीटर आणि सुमारे ५२ सेंटिमीटर. ५२ वालं साहजिकच मोठं, जड आणि जास्त वॉटचं. आपला ओंडका ३० सेंटिमीटरचा असेल तर ५२ चं मशीन घेऊन दट्ट्याला दर वेळी रिकामी वाट चालायला लावण्यात अर्थ नाही. शेतावर चेन सॉ चालवणाऱ्याला एक फुटाची काठी खूण करून दिली आणि सांगितलं, याच मापाने काप आणि तोंड सरळ ठेव. हे तोंड सरळ ठेवणं महत्त्वाचं आहे. तिरकं कापलेलं तोंड दट्ट्यावर नीट टेकत नाही, जोर लागला की ओंडका बाजूला उसळतो.

जाडीचं काम मात्र मशीनने पूर्ण होणार नव्हतं. ओंडक्याच्या चार-सहा फाका मशीन करतं. दोन बोटांच्या ढलप्या कोयत्यानेच काढाव्या लागतात. पण वाळलेली सरळ फाक कोयत्याने उलगडायला खांद्याचा जोर लागत नाही, ते बसल्या बसल्या होतं. अवजड काम मशीनकडे, नाजूक काम हाताकडे, अशी वाटणी झाली.

टनाचा आकडा कसा तपासायचा

आडव्या हायड्रॉलिक मशीनची रचना साधी असते. मोटार पंप फिरवते, पंप तेलाला दाब देतो, तेल नळकांड्यातला दट्ट्या ढकलतं, दट्ट्या ओंडक्याला समोरच्या पोलादी पाचरीवर रेटतो. जोर किती हे दोनच गोष्टींवर ठरतं: नळकांड्याचा आतला व्यास आणि तेलाचा दाब. म्हणून विक्रेत्याला टन विचारू नका, हे दोन आकडे विचारा.

एका गोदामात "आठ टन" असं ठळक लिहिलेलं मशीन दाखवलं गेलं. कागदावर नळकांड्याचा व्यास ६० मिलिमीटर आणि दाब २० मेगापास्कल. क्षेत्रफळ निघतं २८.३ चौरस सेंटिमीटर, दाब दर चौरस सेंटिमीटरला २०४ किलो. गुणाकार पावणेसहा टनांवर थांबतो. उरलेले सव्वादोन टन फक्त स्टिकरवर होते. विक्रेता म्हणाला, साहेब सगळेच असं लिहितात. तसं असेलही, पण घेणाऱ्याने गुणाकार करावाच.

दुसरी तपासणी वेगाची. जोर गुणिले वेग म्हणजे शक्ती, आणि ती मोटारीपेक्षा जास्त असू शकत नाही. २२०० वॉटच्या मशीनवर सात टन आणि सेकंदाला चार सेंटिमीटर असं एकाच ओळीत लिहिलं असेल, तर पूर्ण जोराला त्या वेगासाठी २७०० वॉट लागतील. म्हणजे तो वेग रिकाम्या दट्ट्याचा. यात फसवणूक असतेच असं नाही, कारण ओंडका बहुतेक वेळा पाचर पहिली काही सेंटिमीटर शिरली की फुटतो आणि पुढची वाट हलकी असते. पण दोन मशीनची तुलना करताना दोघांचेही आकडे एकाच अवस्थेतले हवेत.

तिसरा आकडा कोणी वाचत नाही. मोटारीच्या पट्टीवर एस ६, ४० टक्के असं काही कोरलेलं असतं. अर्थ असा की दहा मिनिटांत चार मिनिटं भार, सहा मिनिटं मोटार रिकामी फिरणार. ओंडका उचलणं, ठेवणं, फाका बाजूला करणं यात ही विश्रांती आपोआप मिळते. एस ३, २५ टक्के असेल तर मात्र दहातली अडीच मिनिटंच चालवून मोटार बंद ठेवायची. घराला तेही पुरतं, फक्त चार माणसं लावून सपाट्याने ढीग संपवायचा बेत असेल तर मोटार तापणार.

जे घेतलं नाही

न्यू जर्सीहून येणारं मशीन पहिल्याच दिवशी बाद केलं. तिथली घरगुती वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरने उतरवता येतं, हर्ट्झ उतरवता येत नाहीत. ६० हर्ट्झची इंडक्शन मोटार आपल्या ५० हर्ट्झवर पाच-षष्ठांश वेगाने फिरते, आणि व्होल्टेज त्याच प्रमाणात कमी केलं नाही तर जास्त प्रवाह ओढून तापते. त्यात दोन किलोवॅटच्या वरचा ट्रान्सफॉर्मर चौकात कायमचा ठेवायचा. चुलतभावाला वाईट वाटू नये म्हणून त्याला ओल मोजायचं छोटं मीटर पाठवायला सांगितलं, ते फारच उपयोगी पडलं.

आपल्याकडे सहज मिळणारं मशीन म्हणजे फिरणारा शंकू, ज्याचे आटे लाकडात घुसून ते फाडतात. स्वस्त असतं, स्थानिक कारखान्यात बनतं, आणि काम झपाट्याने करतं. ते मी घरात येऊ दिलं नाही. शंकू सतत फिरत असतो. ओंडका नीट टेकला नसेल तर तोच गरगर फिरून हातावर येतो. हिवाळ्यात घरात प्रत्येकाच्या अंगावर शाल नाहीतर मफलर, काकूंचा पदर, नातवंडांचे लोंबते स्वेटर. आट्यात कापड अडकलं तर बटणापर्यंत हात पोचायला वेळच मिळत नाही. आडव्या हायड्रॉलिक मशीनला दोन हात लागतात: एक मोटारीच्या बटणावर, दुसरा व्हॉल्व्हच्या दांड्यावर. कुठलाही एक हात सुटला की दट्ट्या थांबतो. चालवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणजे दोन्ही पाचरीपासून लांब. यातला खरा धोका दोन माणसांचा असतो, एक ओंडका धरतो आणि दुसरा दांडा दाबतो. काकांकडून पहिला नियम कबूल करून घेतला तो हाच: मशीनवर एका वेळी एकच माणूस. दांड्याला सुतळी बांधून एक हात मोकळा करणं ही दुसरी खोड, तीही बंद.

उभं मशीन दारातच अडलं. शंभर किलोच्या आसपास वजन, आणि वाड्याचा उंबरठा गुडघ्याच्या थोडा खाली. ५० किलोच्या आतलं चाकांचं आडवं मशीन दोघांनी कलंडून आत घेता येतं. पेट्रोलवर चालणाऱ्याचा विचारच केला नाही. चौक उघडा असला तरी चारी बाजूंनी भिंती, धूर खोल्यांत शिरतो.

वीज

लष्करातल्या जुन्या घरांत मशीनपेक्षा आधी वायर बघावी. मीटर देवडीत, चौकातली जागा तिथून पंचवीस मीटरवर, आणि तिथपर्यंत गेलेली वायर दीड चौरस मिलिमीटरची, पंख्या-दिव्यांसाठी टाकलेली. थंडीच्या सकाळी आठला, आजूबाजूचे सगळे गीझर चालू असताना, प्लगवर २०० च्या खाली व्होल्ट दिसले. दुपारी दोनला तिथेच २२५.

मोटार सुरू होताना चालू प्रवाहाच्या पाच-सहा पट ओढते. दहा अँपियरची मोटार क्षणभर पन्नास ओढेल. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत जाऊन-येऊन पन्नास मीटरचा रोध ०.६ ओहम, म्हणजे सुरुवातीलाच ३० व्होल्ट तारेतच संपतात. २०० चे १७० राहतात. मोटारीची पिळण्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते, म्हणून १७० व्होल्टला ती निम्म्याच्या जवळ येते. मोटार घुमते, फिरत नाही, तापते. मग लोक म्हणतात मशीन खराब निघालं. अशी परत आलेली कितीतरी यंत्रं मी पाहिली आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच यंत्रांच्या मोटारीत काहीच बिघाड नव्हता.

देवडीतून चौकापर्यंत चार चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तांब्याची लाइन टाकली. तेवढ्याच अंतरात आता सुरुवातीची घट ११-१२ व्होल्ट. सोळा अँपियरचा प्लग, जास्त प्रवाह गेला की वीज तोडणारा स्वतंत्र एमसीबी, गळती पकडणारं आरसीसीबी, आणि अर्थिंग नव्याने केलं, कारण जुन्या अर्थिंगची तार कुंडीत जाऊन संपलेली होती. चौकात पाणी सांडतं, माणसं अनवाणी असतात. तिथे दोन किलोवॅटची मोटार ठेवायची तर आरसीसीबीवर पैसे वाचवू नयेत. मंजूर भारही एकदा बिलावर बघून घेतला. मशीन आणि गीझर एकदम चालवायचे नाहीत असं ठरवल्यामुळे भार वाढवून घ्यावा लागला नाही.

महिना बदलला

खरी गाठ इथे सुटली. मशीनची चर्चा डिसेंबरात चालली होती, कारण लाकडाची गरज डिसेंबरात जाणवते. पण डिसेंबर हा लाकूड जाळायचा महिना आहे, फोडायचा नव्हे. काकांसमोर मी फाल्गुन ठेवला.

विलायती बाभळीची छाटणी माघात होते. फाल्गुनात ते लाकूड अजून ओलं असतं, आणि सरळ रेषेचं ओलं लाकूड वाळलेल्यापेक्षा पुष्कळ कमी जोरात फुटतं. गीझर बंद झालेले असतात, कूलर अजून लागलेले नसतात, म्हणून व्होल्टेज चांगलं. तेल थंडीने घट्ट झालेलं नसतं. आणि फोडलेल्या लाकडापुढे ग्वाल्हेरचा चैत्र, वैशाख, ज्येष्ठ उभा असतो: चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंश आणि कोरडी लू. जून अखेरीस पाऊस येण्याआधी लाकूड वाळून पडवीत जातं. मे महिन्याची झळ जेवढं पाणी ओढते तेवढं कुठलं यंत्र ओढणार?

एवढं ठरल्यावर सात टनांची गरजच राहिली नाही. सात टन लागत होते ते जूनमध्ये पडलेल्या आणि सहा महिने सालीसकट पडून वाळलेल्या शिसमाच्या जाड बुंध्यांसाठी. ते थोडेच होते. मूठभर वाईट ओंडक्यांच्या मापाने दरवर्षीचं मशीन घ्यायचं नाही, हे काकांना पटवायला थोडा वेळ लागला. "पण अडलं तर?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता. अडणारे ओंडके आरा मशीनवर पाठवून उभे चिरून घ्यायचे, असं त्यावर ठरलं.

आपलाच ओंडका घेऊन जावं

चाचणीला विक्रेत्याचं लाकूड वापरलं नाही. तो निलगिरीचा नाहीतर आंब्याचा सरळ, नितळ तुकडा लावतो आणि तो फुटतोच. आम्ही चार ओंडके गाडीत घालून नेले: बाभळीचा ओला, शिसमाचा वाळका, कडुनिंबाच्या बेचक्याचा आणि एक चिंचेचा. मशीन १५०० वॉटचं, ३७ सेंटिमीटरचं. नळकांडं ६० मिलिमीटर, दाब १८ मेगापास्कल, म्हणजे गुणाकाराने पाच टनांच्या थोडं वर. कागदावरही पाचच लिहिलं होतं. विक्रेत्याबद्दलचा विश्वास मला तिथेच बसला.

बाभूळ पाचर टेकताच चरचरत उघडली, आतला लालसर गाभा ओला चकाकत होता. शिसम फुटलं, पण दट्ट्या दोनदा थांबला आणि मोटारीचा आवाज बदलला. कडुनिंबाच्या रेषा एकमेकींत गुंतलेल्या असतात, त्यात बेचकं. पाचर अर्धी शिरली आणि ओंडका तिच्यावर घट्ट बसला. विक्रेत्याच्या पोऱ्याने घण उचलला. काकांनीच त्याला थांबवलं. अडकलेला ओंडका ठोकून किंवा हाताने ओढून काढायचा नसतो. दट्ट्या मागे घ्यायचा, पाचरीच्या आकाराचा लाकडी तुकडा ओंडक्याखाली सरकवायचा, आणि दट्ट्या पुन्हा पुढे न्यायचा. तो तुकडा ओंडक्याखाली घुसतो आणि ओंडका वर उचलून सोडवतो. हे माहितीपुस्तकात दिलेलं असतं आणि काकांनी ते आदल्या रात्री वाचून काढलं होतं.

चिंच हललीसुद्धा नाही. खाटकाचा ठोकळा चिंचेचा का असतो ते तिथे दिसलं. दट्ट्या पाच सेकंदांच्या वर दाबून ठेवायचा नाही, तेल तापतं आणि सील जातात. ओंडका थोडा फिरवून, कड धरून पुन्हा बघायचं, तरी नाही तर सोडून द्यायचं. चिंचेचा तो ओंडका परत गाडीत घातला. पुढे असे गाठाळ ओंडके गल्लीच्या होळीला द्यायचं ठरलं.

मशीन आल्यावर

तेच मशीन घेतलं. त्याच्या सीलची मापं खरेदीच्या वेळीच विक्रेत्याकडून लिहून घेतली आणि ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचं काम करणाऱ्या मेकॅनिकला दाखवली. त्या मापाची सील इथे मिळतात, हे कळल्यावर वॉरंटीच्या महिन्यांची फारशी काळजी राहिली नाही.

टाकीवर एक छोटा हवेचा स्क्रू असतो. काम सुरू करण्याआधी तो दोन-तीन फेरे सैल करायचा, म्हणजे टाकीतली हवा आत-बाहेर होते. विसरलं तर ती हवा दर खेपेला आत दाबली जाते, तापते आणि सील बिघडवते. काम संपलं की घट्ट, नाहीतर मशीन कलंडलं की तेल चौकभर. मशीनबरोबर आलेल्या पुस्तकाप्रमाणे ३२ नंबरचं हायड्रॉलिक तेल आहे. सकाळी गार असेल तर मिनिट-दोन मिनिटं रिकामं फिरवायचं. काकांनी स्क्रूला लाल सुतळी बांधली आहे आणि प्लगच्या शेजारी खडूने लिहिलं आहे: आधी स्क्रू.

पहिल्या फाल्गुनात सगळी बाभूळ दुपारच्या वेळात, घाई न करता, फुटली. ताज्या फाकेच्या आतल्या बाजूला सुया टोचल्या तेव्हा ओल मोजायच्या मीटरचा आकडा तीस टक्क्यांच्या वर होता. त्याच्यावर असली मीटरं फारशी भरवशाची नसतात, पण ओलं आहे एवढं कळतं. रास विटांवर रचली, भिंतीपासून वीतभर लांब, फाकांमध्ये हवा खेळेल अशी, आणि वरून फक्त माथा झाकला. बाजू ताडपत्रीने गुंडाळल्या तर ओल आतच कोंडते. दिवाळीला त्याच राशीतली एक फाक मधोमध फोडून आतून मोजली, अठराच्या खाली. बाहेरून मोजू नये, बाहेरचा आकडा नेहमी खूश करतो.

काकूंचा सकाळचा खर्च चार किलोंवरून तिनाच्या आत आला. मोरीचं छत पूर्वी दर मकरसंक्रांतीला काजळीने काळं व्हायचं, त्या वर्षी ते फक्त पिवळट झालं होतं. कोयत्याचं काम नातवंडांना द्यायचं नाही, ते काकू स्वतः पाटावर बसून करतात.

शेजारच्या वाड्यातून मशीन मागायला येतात, त्यांच्याकडेही बंब आहे. काका देतात, पण त्यांची अट आहे. शेजाऱ्यांनी आपल्या देवडीतून चार चौरस मिलिमीटरची लाइन टाकून घेतली तरच मशीन त्यांच्या चौकात जाणार. तोवर त्यांनी ओंडके इकडे आणायचे. या वर्षी त्यांनी ओंडके आणले. लाइनसाठी वायरमनला बोलावणं गेलं आहे.